हिबा : एका शब्दाचा अर्थ आणि त्याचा वापर

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला आधी जो विषय कळवला होता त्याचं नाव फार भारदस्त होतं. ‘मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील मालमत्ता हस्तांतरणाचे प्रकार’ असं काहीतरी. मी त्यांना फोन करून म्हटलं, एवढं सगळं तासाभरात सांगायला गेले तर मुलं झोपतील आणि त्यांचा काही दोष नसेल. मला एकच शब्द द्या, हिबा. जिल्हा न्यायालयात वकिली करताना गेल्या वीसेक वर्षांत मी या एका शब्दावरून भावाबहिणींना जितकं भांडताना पाहिलं, तितकं दुसऱ्या कशावरून नाही.

आधी एक विचारते. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात हिबानामा आहे? किंवा ‘दादांनी हिबा करून दिलं होतं’ असं ऐकलंय? बरेच हात वर आले. आता तो हिबा कुणाच्या नावे झाला हे माहीत असलेल्यांनीच हात वर ठेवा. मुलाच्या नावे? मुलाच्या. नातवाच्या. मुलाच्या. मागची एक मुलगी म्हणतेय, माझ्या नावे. छान. तुझ्याशी मला नंतर बोलायचं आहे.

शब्दापासून सुरू करू. हिबा हा अरबी शब्द. त्याचं मूळ वाव-हे-बे या तीन अक्षरांत आहे, अर्थ देणं, मोबदला न घेता देणं. अल्लाहच्या नावांपैकी ‘अल-वह्हाब’ हे याच मुळातलं, भरभरून देणारा. आपल्याकडे अब्दुल वहाब नावाचे चाचा प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी असतात. हल्ली मुलींचं नावही हिबा ठेवतात. माझ्या भाचीचं आहे. तिच्या नानांनी, म्हणजे माझ्या अब्बांनी, मोठ्या हौसेनं ठेवलं. अब्बांच्या बाबतीत या नावात एक गंमत आहे, ती पुढे कळेल.

आपल्या मराठीत जमीनजुमल्याचे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आलेत. हक्क, वारस, कब्जा, दस्त, दावा, बक्षीस. मिरास म्हणजे वारशानं आलेलं, तोही अरबीच. गावचा मिरासदार शेतकरी पिढ्यान्पिढ्या मिराशी सांगत आला, त्याला कधी वाटलं नाही की आपण परक्या भाषेत बोलतोय. पण हिबा हा शब्द मात्र सर्वांच्या मराठीत मिसळला नाही. तो आपल्या घरांत राहिला आणि कोर्टात राहिला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलात तर तिथं त्याला बक्षीसपत्र म्हणतात. आणि बक्षीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळेतलं स्टीलचं ताट येतं! त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. हिबा म्हणजे मृत्युपत्र का, हक्कसोड का, वाटणी का? मी पक्षकाराला विचारते, तुमच्या वडिलांनी नेमकं काय केलं? तो म्हणतो, ‘मॅडम, लिहून दिलं.’ काय लिहून दिलं ते कुणालाच ठाऊक नसतं.

तर हिबा म्हणजे काय? माणसानं हयातीत, शुद्धीवर असताना, आपल्या मालकीची वस्तू दुसऱ्याला मोबदला न घेता लगेच देऊन टाकणं. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. ‘माझ्या मागं हे तुझं’ असं म्हटलं तर ती वसियत झाली, आणि वसियतीला मर्यादा आहेत. सुन्नी कायद्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्तेची वसियत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि वारसाच्या नावे तर संमतीशिवाय अजिबात नाही. हिब्याला अशी मर्यादा नाही. माणूस हयातीत सगळंच्या सगळं देऊ शकतो, कुणालाही. मुस्लिम कायद्यात ‘वडिलोपार्जित’ हा वेगळा प्रकार नाही. आजोबांकडून आलेलं असो की स्वतः कमावलेलं, बाप जिवंत आहे तोवर मालक तोच. मुलाचाही त्यावर हक्क नाही, मुलीचाही नाही.

म्हणजे वारशाच्या कायद्यानं मुलीला दिलेला दरवाजा आणि वसियतीच्या मर्यादेनं लावलेली कडी, दोन्ही ओलांडून जायची एक खिडकी उघडी आहे. ती खिडकी म्हणजे हिबा. तिच्यातून कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं, हा खरा प्रश्न.

हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्यानं ‘दिलं’ म्हणायचं, घेणाऱ्यानं ‘घेतलं’ म्हणायचं आणि कब्जा द्यायचा. पहिल्या दोन तोंडच्या आहेत. तिसरी हाताची. कब्ज्यावर आपल्या फकीहांनी एवढा जोर का दिला, यासाठी हजरत अबू बक्र यांची एक रिवायत इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आहे. त्यांनी आपल्या मुलीला, हजरत आयेशांना, बागेतले वीस वस्क खजूर देऊ केले होते. वस्क हे त्या काळचं माप. पण ते काढून घ्यायचं राहून गेलं. मृत्यू जवळ आला तेव्हा वडील मुलीला म्हणाले की, तू ते तोडून ताब्यात घेतले असतेस तर तुझे झाले असते. आज मात्र ते वारसांचे आहेत, आणि वारसांत तुझे भाऊ-बहिणी आहेत. लक्षात घ्या, समोर कोण आहे. लाडकी मुलगी, उम्मुल मोमिनीन. बापाची इच्छा होती, शब्दही दिलेला होता. तरी कब्जा नाही म्हणून हिबा नाही, आणि खजूर सगळ्या भावंडांत वाटले जाणार.

दुसरी हदीस मला याहून मोलाची वाटते. ती सांगणारे नुमान बिन बशीर. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला एक देणगी दिली. आई अमरा बिन्त रवाहा म्हणाल्या, पैगंबरांना साक्षीदार करा, त्याशिवाय मला हे मान्य नाही. वडील गेले. पैगंबरांनी एकच प्रश्न विचारला : तुझ्या सगळ्या मुलांना असंच दिलंस का? ते म्हणाले, नाही. तेव्हा त्यांनी अल्लाहचं भय बाळगायला आणि मुलांमध्ये न्यायानं वागायला सांगितलं, आणि अशा व्यवहाराचा साक्षीदार व्हायला नकार दिला. बशीर घरी आले आणि दिलेलं परत घेतलं. ही हदीस बुखारीत हिब्याच्याच प्रकरणात आहे. ज्या मुलाचा फायदा होत होता तोच मोठेपणी ती लोकांना सांगतोय, हेही पाहा. आणि ज्या आईमुळे गोष्ट उघडकीला आली, तिचा उल्लेख आपल्या जुम्म्याच्या बयानात मी तरी क्वचितच ऐकला.

आता तुम्ही म्हणाल, मग एका मुलाच्या नावे केलेला हिबा रद्दच व्हायला हवा. तसं होत नाही. इथं फिकह आणि न्याय यांच्यात फट आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हनबली मतानुसार मुलांना देताना न्याय सांभाळणं वाजिब आहे. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी. हनफी मतानुसार असा पक्षपात नापसंत, मकरूह आहे, पण हिबा झाला तर तो वैध. भारतीय न्यायालयं हनफी मत लावतात. म्हणून कोर्टात उभं राहून ‘अब्बांनी अन्याय केला’ एवढंच म्हटलं तर न्यायाधीश ऐकून घेतील आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतील.

कायद्याकडे येऊ. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं कलम 123 सांगतं की स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. तुमच्या शेजारच्या पाटलांनी मुलाला शेत बक्षीस दिलं तर त्यांना निबंधक कार्यालयात जावंच लागतं. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी कलम 129 आहे. ते म्हणतं, या प्रकरणातल्या कशाचाही मुस्लिम कायद्याच्या नियमांवर परिणाम होणार नाही. म्हणून मुसलमानाचा हिबा तोंडी असला तरी चालतो. 2011 मध्ये हफीजा बीबी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. वडिलांनी एका मुलाच्या नावे कागदावर हिबा लिहिला होता, नोंदणी नव्हती, बाकीच्या भावंडांनी वाटणी मागितली. न्यायालय म्हणालं, तिन्ही गोष्टी पूर्ण असतील तर नोंदणी नाही एवढ्यावरून हिबा पडत नाही, आणि कागदावर लिहिला म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही.

अनेकांना याचा अभिमान वाटतो. आमच्यात शब्दाला किंमत आहे, कागदाची गरज नाही. ऐकायला बरं वाटतं. पण तोंडी हिब्याचा वाद कधी होतो? देणारा गेल्यावर. तो बोलू शकत नाही. साक्षीदार कोण? जो घरात होता तो. आणि कब्जा कुणाचा? जो घरात राहतो त्याचा. मुलगा बापाच्या घरात राहतोच, शेत कसतोच, घरपट्टी भरतोच. ते सगळं पुढे हिब्याचा पुरावा म्हणून फाईलला लागतं. मुलगी सासरी. तिच्याकडे काय असतं? लग्नातला एक फोटो, ज्यात मागे ते घर दिसतं. दुबळ्याच्या संरक्षणासाठी आलेली कब्ज्याची अट आमच्या घरांच्या रचनेत आपोआप मुलाच्या बाजूला झुकते. उलट बाईच्या नावे हिबा असेल तर तिला मात्र कब्जा कसोशीनं सिद्ध करावा लागतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात रशीदा खातून यांचं प्रकरण आलं. त्यांचा दावा कब्ज्याच्याच मुद्द्यावर टिकला नाही. न्यायालयानं कायदा चुकीचा लावला असं मी म्हणत नाही. कायदा बरोबरच लावला.

थोडं मागं जाऊ. मुलींचा वाटा बुडवायला हिबाच लागतो असं नाही. 1847 मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन मुलींचे दावे आले. त्या म्हणत होत्या, आम्ही मुसलमान आहोत, आम्हाला कुरआननं दिलेला वाटा द्या. समाजातले पुरुष म्हणत होते, आमच्यात मुलींना वाटा द्यायची रीत नाही. पेरींनी रीत मान्य केली, मुली हरल्या. पुढे 1937 चा शरियत कायदा आला आणि वारसा, बक्षीस, मेहर, वक्फ अशा बाबतींत रूढीऐवजी शरियत लागू झाली. त्या कलमातून शेतजमीन वगळली होती, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. पण रूढी गेली तरी मनातली रीत जात नाही. ती कायद्यात आपली जागा शोधते.

आता अब्बांची गोष्ट सांगते. सांगायला थोडं जड जातं, पण लोकांच्या घरच्या गोष्टी सांगून स्वतःची लपवणं बरं नाही.

आमच्या दादांची सांगली जिल्ह्यात सहा एकर जमीन होती. दोन मुलं, म्हणजे अब्बा आणि चाचा, आणि दोन मुली, माझ्या दोन्ही फुफ्या. दादी आधीच गेलेल्या. हिशेब सोपा होता. मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे भावांना दोन-दोन एकर, बहिणींना एक-एक. दादांचं चाळिसावं झालं आणि त्याच आठवड्यात दोन्ही फुफ्यांना तालुक्याच्या गावी नेलं. सोसायटीच्या कर्जासाठी सह्या लागतात असं सांगून. थोरल्या फुफीनं सही केली, धाकटीनं अंगठा.

मी वकील झाल्यावर एकदा सहज, खरंच सहज, गावच्या जमिनीचा जुना फेरफार काढला. त्यात लिहिलं होतं की मयत खातेदाराच्या दोन्ही मुलींनी आपला हक्क भावांच्या लाभात राजीखुशीनं सोडला आहे, तसा जबाब दिला आहे. राजीखुशीनं. हा शब्द किती फेरफारांत वाचलाय मी! जिथं जिथं बाईचा हक्क जातो, तिथं राजी आणि खुशी दोघीही हजर असतात.

मी अब्बांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तिनं कधी मागितलंच नाही गं.’ आणि थोड्या वेळानं, ‘लग्नं केली होती ना दोघींची.’ माझं शिक्षण त्या जमिनीच्या उसावर झालं. कायद्याची पदवीसुद्धा. त्यामुळे मी कुणाच्या बापाला नावं ठेवायच्या आधी दहा वेळा विचार करते.

‘लग्न केलं ना’ हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल, म्हणून त्यावर दोन शब्द. लग्नात खर्च झाला म्हणजे वाटा फिटला, असा नियम शरियतमध्ये नाही आणि भारतीय कायद्यातही नाही. मंडप, जेवण, जावयाची गाडी, यातलं मुलीच्या नावावर काय आलं? आणि मुलाच्या लग्नाचा, शिक्षणाचा, दुबईला जाण्याचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी वजा केल्याचं मी पाहिलेलं नाही. दुसरं उत्तर माहेर तुटण्याचं. भावाच्या दारात हक्कानं यायचं असेल तर हक्क सोडायचा, अशी ही विचित्र अट. धाकटी फुफी मला म्हणाली होती, ‘ईदीला भाऊ येतो, ते जमिनीपेक्षा मोठं आहे.’ तिच्यापुढे मी कायद्याचं पुस्तक उघडलं नाही. पण मला आजही वाटतं, दोन्ही का मिळू नये?

कायद्यानं या फेरफाराचं काय होतं? फेरफार म्हणजे महसुलाची नोंद. जमीन महसूल अधिनियम 1966 मधला नोंदीचा व्यवहार सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी आहे. नोंदीनं मालकी येत नाही आणि जातही नाही. वारसा उघडल्यावर आलेला हिस्सा सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. नुसत्या जबाबावर ते होत नाही. मग भाऊ काय करतात? हिब्याचा आधार घेतात. मी प्रतिवादीच्या कैफियतीत वाचलंय : ‘वादींनी आपला अविभक्त हिस्सा भावांना तोंडी हिबा केला.’ हनफी कायद्यात वाटणी न झालेल्या हिश्श्याचा, मुशाचा, हिबा साधारणपणे दोषी धरतात, पण सहवारसाला दिलेला हिस्सा हा त्याला अपवाद आहे. म्हणून ही कैफियत मूर्खपणाची नसते, तिला उत्तर द्यावं लागतं. बहिणीनं कधी म्हटलं ‘दिलं’? कुणासमोर? तिला कळत होतं का की ती काय देतेय? कर्जाची सही म्हणून घेतलेल्या अंगठ्यात देण्याची इच्छा कुठून आली?

आणखी एक. बाप जिवंत असताना मुलीकडून ‘माझा हक्क नाही’ असं लिहून घेतात. कधी लग्नाच्या आधी, कधी जावयाचं कर्ज फेडून. बाप असेपर्यंत तिच्याकडे हक्कच नाही, मग ती सोडणार काय? कलम 6 सांगतं, वारसा मिळेल ही आशा हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे नुसता असा कागद फुकट. मात्र तिनं त्याबदल्यात खरोखर पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं गुलाम अब्बास खटल्यात म्हटलं की मोबदला घेऊन, सगळं समजून वाटा न मागण्याचं कबूल केल्यावर पुन्हा मागता येणार नाही. म्हणून मैत्रिणींनो, ‘दोन लाख घे आणि इथं सही कर’ असं कुणी म्हटलं, तर ते दोन लाख कशाचे, हे विचारल्याशिवाय हात पुढे करू नका.

मृत्युशय्येवरच्या हिब्याबद्दलही विचारलं जातं. ज्या आजारात माणूस जातो आणि जाणार हे त्याला कळलेलं असतं, त्याला मर्ज-उल-मौत म्हणतात. त्या अवस्थेत दिलेल्या देणगीला वसियतीची बंधनं लागतात. एक तृतीयांशाच्या आत, आणि वारसाला दिली असेल तर इतर वारसांची संमती हवी. अतिदक्षता विभागात अंगठा घेतलेले हिबे इथंच पडतात. पण त्यासाठी दवाखान्याची कागदपत्रं लागतात, आणि तीही भावाच्याच कपाटात असतात.

आता उलट बाजू. मघाशी मागून ‘माझ्या नावे’ म्हणाली ती मुलगी. तुम्हा दोघी बहिणीच आहात ना? मला वाटलंच. ज्यांना फक्त मुली आहेत अशा आई-बापांसाठी हिबा हा मोठा आधार आहे. समजा एका माणसाची चोवीस गुंठे जागा आहे. मागं बायको, दोन मुली आणि एक सख्खा भाऊ. तो हिबा न करता गेला तर सुन्नी कायद्यानं बायकोला तीन गुंठे, दोन मुलींना मिळून सोळा आणि उरलेले पाच गुंठे भावाला. भाऊ चांगला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पाच गुंठ्यांसाठी तो चोवीस गुंठ्यांच्या दारात बसतो. हे टाळायला कुणी विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोंद करतात, म्हणजे त्यांना भारतीय वारसा कायदा लागू होतो. तो मार्ग खुला आहे, ज्याला पटेल त्यानं जरूर घ्यावा. ज्याला तेवढं जमत नाही, त्यानं हयातीत मुलींना हिबा करावा. शरियतच्या चौकटीत राहून.

आणि ज्याला मुलगाही आहे, मुलीही आहेत? बत्तीस गुंठे, बायको, एक मुलगा, दोन मुली. वारशात बायकोला चार, मुलाला चौदा, मुलींना सात-सात. मुलीचा वाटा निम्मा का, यावर आपल्या चळवळीत आणि बाहेर खूप चर्चा झाली आहे, होत राहील. माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण माझ्याशी सहमत नसलेल्या मौलवीसाहेबांनाही मी एक प्रश्न विचारते. निम्म्याचं गणित मृत्यूनंतरच्या वारशाचं आहे. हयातीतल्या देणगीत काय? अनेक फकीहांचं मत आहे की हयातीत देताना मुलगा-मुलगी बरोबरीनं धरावेत. मग बापानं जिवंतपणी समान हिबा केला तर अडचण कुठली? आजवर मला कुणी हे नाजायज आहे असं सांगितलेलं नाही. ‘लोक असं करत नाहीत’ असं मात्र सांगितलंय.

करायचाच असेल तर तोंडी करू नका. कायदा परवानगी देतो, म्हणून तुम्ही मुलीला कोर्टात पाठवायचं असं नाही. रीतसर बक्षीसपत्र नोंदवा. महाराष्ट्रात 2015 पासून राहतं घर आणि शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये ठेवलं आहे. इतर अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. दस्त करायला जाल तेव्हा त्या दिवशीचा दर विचारून घ्या. घेणाऱ्याचा स्वीकार दस्तातच लिहा. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लावून घ्या, घरपट्टी आणि वीजबिल बदला, मूळ कागद मुलीच्या हातात द्या. बाप त्याच घरात राहत असला तरी चालतं. बाहेर पडून कब्जा द्यायची गरज नाही, पण दिल्याची खूण हवी. अज्ञान मुलांना बापानं दिलं तर कब्ज्याची अटही नाही, कारण पालक तोच.

आई-बापांनाही एक इशारा. मुलाला किंवा मुलीला हिबा करून कब्जा दिला की तो मागे घेता येत नाही, इतक्या जवळच्या नात्यात परतीचा रस्ता नाही. भाकरीला महाग झालेले आई-बाप माझ्या ऑफिसात आलेत, मुसलमानही आणि हिंदूही. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सर्वांना लागू आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट दस्तात लिहिलेली असली तर काम सोपं होतं. डोक्यावरचं छप्पर मात्र शक्यतो स्वतःच्या नावावर असू द्या, हा सल्ला मी सगळ्यांना देते.

तुमच्यापैकी एकानं चिठ्ठी पाठवली आहे : तुमच्या फुफ्यांचं पुढं काय झालं? 

थोरली फुफी गेली. तिच्या मुलांनी काही मागितलं नाही. धाकटी आहे, मिरजेला असते. तीन वर्षांपूर्वी अब्बांनीच विषय काढला. चाचा ऐकायला तयार नाहीत, पण अब्बा म्हणाले, माझ्याकडं जे जास्तीचं आलं तेवढं तरी देतो. दोन्ही बहिणींचे मिळून दोन एकर भावांकडे आले होते, म्हणजे अब्बांकडे एक. अर्धा एकर धाकट्या फुफीला आणि अर्धा थोरलीच्या मुलांना असं ठरलं. मी दस्ताचा मसुदा करायला बसले आणि 200 रुपयांच्या यादीवर बोट ठेवून वाचलं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात, मृत मुलाची बायको. बहीण नाही. भाची-भाचा नाही. दादांनी हयातीत दिलं असतं तर आज 200 रुपयांत झालं असतं, ते भावानं परत द्यायचं म्हटलं की बाजारभावावर शुल्क.

अब्बा म्हणाले, ‘भरतो.’ त्यांनी पेन्शनमधून भरलं. दस्त नोंदवला त्या दिवशी फुफी रिक्षातून उतरली, निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या चढताना माझा हात धरला आणि विचारलं, ‘आज अंगठा कशावर आहे ते आधी वाचून दाखव.’ मी बाकावर बसून तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवलं. आमचा नंबर दोनदा पुकारून गेला.

आता तुमचे प्रश्न घेते.